बाबा, जरा उठता का?

माझी दाढ दुखायला लागली त्याच आठवड्यात मला धंद्याची कल्पना सुचली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी पुढे बरेच दिवस धरून चाललो होतो. बायकोच्या मते संबंध होता. पण माझ्या कल्पना आणि माझी दुखणी यांत ती पहिल्यापासूनच फारसा फरक करत नाही.

आमच्या ऑफिसला माझ्यावाचून चालतं असा शोध ऑफिसला लागल्यापासून मी घरी होतो, आणि घरी असलेल्या पुरुषाला जी कामं सांगतात ती निमूटपणे करत होतो. त्यातलंच एक म्हणजे बायकोबरोबर फर्निचरच्या दुकानात जाणं. तिथे एक सोफा होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मी बसायला वाकलो तर विक्रेता दुकानाच्या दुसऱ्या टोकाहून धावत आला. "सर, बसू नका! विकायचाय तो!"

मी तसाच अर्धा वाकलेला राहिलो. सोफा विकणारा माणूस गिऱ्हाइकाला म्हणतो, बसू नका! बरं, दुकानात ऐटीत दिसणारी वस्तू घरी आली की कशी अवघडून उभी राहते, हा अनुभव कुणाला नाही? मग वस्तू घरातच का विकू नये? राहत्या घरात. त्या सोफ्यावर कुणीतरी पेपर वाचत बसलेलं, त्या टेबलावर कुणीतरी जेवत असलेलं गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. गिऱ्हाइकानं यावं, चहा घ्यावा, आणि ज्या खुर्चीत बसून चहा घेतला ती खुर्ची घेऊन जावं. घरी येईपर्यंत मी धंद्याचं नावसुद्धा ठरवून टाकलं : राहतं दुकान.

"आणि आपण?" बायकोनं विचारलं.

"आपण नेहमीसारखं राहायचं."

"कशावर?"

हा प्रश्न तिनं अगदी पहिल्या दिवशी विचारला होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करून ठेवतो.

माझा एक वर्गमित्र सुतार आहे. हात सोन्याचा, पण तोंडाला कुलूप. त्यामुळे माल भरपूर आणि विक्री शून्य. त्याच्या कारखान्यात कपाटांवर टेबलं आणि टेबलांवर खुर्च्या चढलेल्या, आणि तो स्वतः बाहेर अंगणात रंधा मारत बसलेला, कारण आत उभं राहायला जागा नव्हती. मी त्याला योजना समजावून सांगितली. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली.

"म्हणजे माझा माल तुझ्या घरात राहणार, धूळ तू पुसणार, गिऱ्हाइकाला चहा तू पाजणार, आणि विकला गेला की मला सांगणार?"

"बरोबर."

"लेका, हे तुला शाळेत असतानाच का नाही सुचलं?" असं म्हणून तो टेंपो बोलवायला उठलासुद्धा. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब संभाषण असावं.

टेंपो आला. आमचं जुनं सामान त्याच्या कारखान्यात गेलं आणि त्याचा नवा माल आमच्या घरात आला. सोफा, जेवणाचं टेबल, दोन पलंग, पुस्तकांचं कपाट, आणि एकात एक बसणारी छोटी टेबलं, जी आजतागायत कुणाला कशासाठी लागतात ते मला कळलेलं नाही. हमाल एकेक वस्तू नेत नेत शेवटी बाबांच्या खुर्चीपाशी आले. बाबा तिच्यात बसून पेपर वाचत होते. हमालांनी बाबांकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बाबांनी पेपरचं पान उलटलं. हमाल निघून गेले.

ही खुर्ची म्हणजे काही राजेशाही वस्तू नव्हे. एक हात घासून गुळगुळीत झालेला, दुसऱ्या हाताला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळलेली, आणि बैठकीला मधोमध असा खळगा की त्यात बाबांखेरीज कुणी बसलं तर त्याला आपण दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं वाटावं. आई गेल्यापासून बाबा त्या खुर्चीतून जेवणाखाण्यापुरतेच उठायचे. ती खिडकीपाशी होती, आणि खिडकीपाशीच राहणार होती. "तेवढी एक सोडून," मी बायकोला सांगितलं, "बाकी सगळं विकाऊ."

"निदान मी ऑफिसातून परत येईपर्यंत माझा पलंग विकू नका," ती म्हणाली आणि डबा घेऊन निघून गेली.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक गृहस्थ राहतात. त्यांना आम्ही आपापसांत सल्लागार म्हणतो. त्यांनी स्वतः कधी धंदा केलेला नाही, त्यामुळे त्यांचं धंद्याबद्दलचं मत कुठल्याही अनुभवानं गढूळ झालेलं नाही. माल आला त्याच संध्याकाळी ते हातात स्वतःचा कप घेऊन आले आणि नव्या सोफ्यावर बसले.

"तुमचं एक चुकतंय," ते म्हणाले. "तुम्ही फर्निचर विकताय."

"मग काय विकायचं?"

"सुख! लोक सोफा घेत नाहीत हो. सोफ्यावर बसलेलं सुखी कुटुंब घेतात. तुम्ही सुखी दिसला पाहिजेत."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून मी हे सोडून द्यायला हवं होतं. पण धंद्यात नवख्याला कुठलाही सल्ला म्हणजे बुडत्याला काडीचा आधार. मी तो सल्ला मनावर घेतला. रात्री जेवताना मी घरात जाहीर केलं, की उद्यापासून गिऱ्हाईक आलं की सगळ्यांनी सुखी दिसायचं.

"सुखी दिसायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" बायकोनं विचारलं.

हा प्रश्न असा तोंडावर कुणी विचारला की फार पंचाईत होते. "हसायचं," मी म्हणालो, आणि करून दाखवायला गेलो. तेवढ्यात उजवीकडच्या दाढेतून अशी कळ गेली की माझा अर्धा चेहरा हसला आणि अर्ध्यानं साफ नकार दिला.

"हे बघून कुणी सोफा घेणार नाही," बाबा म्हणाले. "दाढ दाखवून ये आधी."

आता इथे एक खुलासा करणं भाग आहे. मी भित्रा नाही. अंधाराला भीत नाही, वरिष्ठांना फारसा भीत नाही. पण दंतवैद्याच्या दारावरून जाताना मी रस्ता ओलांडतो. त्या बंद दारामागून येणारा तो बारीक, गुणगुणता आवाज ऐकला की मला दुसरीकडे काहीतरी काम आठवतं. तेव्हा मी लवंग ठेवली दाढेखाली आणि म्हटलं, धंद्याचे दिवस आहेत, वेळ मिळाला की बघू.

गिऱ्हाइकं यायला लागली. वाण्याच्या दुकानात, लाँड्रीत, केस कापणाऱ्याकडे मी चिठ्ठ्या लावल्या होत्या : "दुकानात बघू नका, घरी येऊन बसा." लोक खरंच घरी येऊन बसायला लागले. याचा अर्थ ते विकत घेत होते असा नव्हे. एक जोडपं दर दोन-तीन दिवसांनी येऊन सोफ्यावर बसायचं, चहा प्यायचं, आणि "अजून नक्की होत नाही हो" म्हणून जायचं. त्यांच्या घरी भाऊ राहायला आला होता, त्यामुळे त्यांना बोलायला जागा नव्हती, हे नंतर कळलं. एका आजोबांनी गादी कशी आहे ते बघायला म्हणून पलंगावर पाठ टेकली आणि दिवेलागणीपर्यंत झोपले. एका बाईनं तर बायकोचं भिंतीतलं कपड्यांचं कपाट उघडून आतल्या शालीची किंमत विचारली. ती शाल बायकोला तिच्या आईनं दिलेली. बायको हसली. ठरल्याप्रमाणेच हसली, पण मी त्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपलो.

या सगळ्यात एक छोटीशी अडचण होती. खिडकीपाशी उजेड चांगला होता, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला वस्तू खिडकीपाशी ठेवून बघायची असायची. लाकडाचा रंग बघायचा, कापडाचा पोत बघायचा, सोफा खिडकीखाली कसा दिसेल ते बघायचं. आणि खिडकीपाशी बाबा.

"बाबा, जरा उठता का?"

बाबा उठायचे. पेपरची घडी घालायचे, चष्मा खिशात ठेवायचे आणि उठायचे. मी खुर्ची बाजूला सारायचो, गिऱ्हाईक बघून जायचं, मी खुर्ची परत ठेवायचो. चार पावलांचं काम. पण पहिल्या दिवशी एकदा, मग दोनदा, मग दिवसभर तेच. बायको म्हणायची, मी म्हणायचो, एकदा तर सल्लागारसुद्धा म्हणाले, आणि त्यांना तर काही विकायचंही नव्हतं. बाबा कधी कुरकुरले नाहीत. म्हणून मी धरून चाललो की त्यांना काही वाटत नाही. घरातली माणसं कुरकुरली नाहीत की आपण असं धरून चालतो.

पहिली मोठी विक्री झाली ती जेवणाच्या टेबलाची. आम्ही तिघंही जेवत होतो. एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं, आम्हाला जेवताना बघितलं आणि मुलगी नवऱ्याला म्हणाली, "बघ ना, किती छान दिसतंय!" सल्लागारांचा सिद्धान्त खरा ठरला म्हणून माझा ऊर भरून आला. पण त्यांना ते तेव्हाच हवं होतं, खाली गाडी उभी होती. गिऱ्हाईक म्हणजे देव! पाचव्या मिनिटाला टेबल जिना उतरत होतं आणि आम्ही तिघं हातात ताटं घेऊन खोलीच्या मधोमध उभे होतो.

"झालं का सुख विकून?" बायकोनं विचारलं.

सुतार म्हणाला नवं टेबल देतो. देतो म्हणजे कधी, ते म्हणाला नाही. मग एक पलंग गेला, मग बायकोचा. तो गेला तेव्हा बायको ऑफिसात होती. त्या प्रसंगावर मी इथे काही लिहिणार नाही. घरात आता ज्या वस्तू लोकांना हव्या होत्या त्या उरल्या नव्हत्या, आणि ज्या उरल्या होत्या त्या कुणालाच नको होत्या. गिऱ्हाइकांसाठी राखलेला सोफा, पुस्तकांचं कपाट आणि एकात एक बसणारी टेबलं तेवढी होती. आम्ही त्या टेबलांवर जेवलो, त्यांच्यावर बसलो, आणि एकदा बायकोनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं तेव्हा ती झोपायचाही विचार करतेय असं मला वाटलं. रात्री मला झोप लागेनाशी झाली. दारावरची बेल वाजली की छातीत धस्स व्हायचं आणि नाही वाजली की त्याहून जास्त.

आणि मग दुष्काळात तेरावा महिना, तसा पालिकेचा इन्स्पेक्टर आला. कुणीतरी तक्रार केली होती. कुणी ते त्यानं सांगितलं नाही, पण अर्जाची भाषा आमच्या सोसायटीच्या चिटणीसांच्या नोटिशीसारखीच होती. "उपरोक्त" हा शब्द दुसरं कुणी वापरत नाही.

"हे घर आहे की दुकान?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"घर."

"मग कपाटाला किमतीची चिठ्ठी का?"

"म्हणजे... तसं दुकान."

"मग स्वयंपाकघर कशाला?"

त्यानं सोफ्यावर बसायला वाकून पुन्हा सरळ होत विचारलं, "यावर बसलं तर चालेल? म्हणजे हा घरातला की दुकानातला?" माझ्या आयुष्यात सोफ्याबद्दल इतका सखोल विचार केलेला माणूस मी बघितला नव्हता.

मी पालिकेत गेलो. एका खिडकीवर कळलं की दुकानाचा परवाना हवा तर इथे कुणी राहत नाही असं प्रतिज्ञापत्र लागतं. दुसऱ्या खिडकीवर कळलं की घर म्हणून राहू द्यायचं तर इथे काही विकलं जात नाही असं प्रतिज्ञापत्र लागतं. माझा चेहरा बघून तिथल्या कारकुनाला दया आली असावी. तो हळूच म्हणाला, "दोन्ही देऊन टाका. दोन्ही खिडक्या वेगवेगळ्या आहेत, या खिडकीचं त्या खिडकीला कळत नाही." मी दोन्ही दिली नाहीत. एकही दिलं नाही. प्रामाणिकपणापेक्षा त्यात भीतीचा भाग जास्त होता. घरी येईपर्यंत गाल सुजला होता.

आता ज्या दिवसामुळे हे सगळं लिहायला बसलो त्या दिवसाकडे येतो. तो दिवस असा उगवला की आधी सुतार आला आणि म्हणाला, "या आठवड्यात काही नाही गेलं तर माल परत नेतो." त्याचंही बरोबर होतं, मी कपाटावर चहाच्या कपांचे गोल डाग पाडून ठेवले होते. आलाच आहे तर म्हणून तो सोफ्याचा हललेला पाय ठोकायला बसला. तेवढ्यात इन्स्पेक्टर टेप घेऊन आला, घराचा किती भाग दुकान आहे ते मोजायला. टेपचं दुसरं टोक धरायला सल्लागार आले. टोक धरून ते त्याला घर आणि दुकान यांची व्याख्या समजावून सांगायला लागले. बायकोची सुट्टी होती, ती आतून मला हाका मारत होती. आणि या सगळ्या ठोकाठोकीत आणि आरडाओरड्यात खिडकीपाशी बाबा आपल्या खुर्चीत गाढ झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात त्या टॉवेलच्या पट्टीवर.

दारात एक नीटनेटका, हडकुळा माणूस उभा होता. तो कुणाकडेच बघत नव्हता. तो बाबांकडे बघत होता.

"मी कोपऱ्यावरचा दंतवैद्य," तो म्हणाला, आणि माझं तोंड आपोआप मिटलं. "मला बाहेर बसायच्या खोलीत काहीतरी हवंय. लोक येतात, नाव सांगतात, आणि नंबर यायच्या आत पळून जातात. मी सोफा ठेवला, मासे ठेवले, गाणी लावली. मासे बघून लोक आणखी घाबरले." त्यानं बाबांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "मला ती हवी."

"ती विकाऊ नाही."

"बघा ना, एवढ्या गोंधळात माणूस कसा झोपलाय! हे लाकडात नाही, त्या खळग्यात आहे काहीतरी. नवं घेऊन नाही मिळणार."

"ती बाबांची आहे," मी म्हणालो. पण माझा आवाज जरा खालचा लागला. सुतारानं हातोडी थांबवली होती. इन्स्पेक्टरनं टेप थांबवली होती. या आठवड्यात काही नाही गेलं तर. सुताराची नसली तरी विक्री ती विक्री. माझ्या डोक्यात ते सगळं एकदम फिरलं. नाही म्हणायचं तर एकदा ठामपणे म्हटलं की पुरतं. तेवढं म्हणायला मी तोंड उघडलं नाही, आणि दोष दाढेला दिला.

बाबा जागे झाले होते. किती वेळ जागे होते कुणास ठाऊक. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पेपरची घडी घातली आणि उठले. या वेळी कुणी उठा म्हटलं नव्हतं.

"घेऊन जा," ते म्हणाले. "इथे तशीही वाटेतच असते."

खुर्ची गेली. सुतार "आणखी एक आठवडा" म्हणत मान हलवत गेला, इन्स्पेक्टर "पुढच्या वेळी बघू" म्हणून गेला. खिडकीपाशी जमिनीवर चार पायांच्या चार खुणा राहिल्या. बायको त्या दिवशी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर बाबा कुठेच नीट बसेनात. सोफ्याच्या कडेवर टेकायचे, जिथे किमतीची चिठ्ठी चुरगळणार नाही अशा बेतानं. आणि मग दुपारी बाहेर जायला लागले. "जरा पाय मोकळे करून येतो." हे आई गेल्यापासून घराबाहेर पडायला तयार नसलेले बाबा! आधी मला बरं वाटलं. मग ते उशिरा यायला लागले. मग आणखी उशिरा. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. कुठे गेला होता विचारलं तर, "इथेच." सल्लागारांनी दारात उभं राहून सांगितलंच : "या वयात माणसं घर सोडून जातात हो. तुमच्याकडे तर घर उरलंच नाही." मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मी एकदा त्यांच्या मागोमाग जायचं म्हणून चपला घातल्या, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. एकात एक बसणारी टेबलं बघायला. घेतली नाहीत.

शेवटी एका दुपारी दाढेनं हात टेकले. म्हणजे मी टेकले. कान, डोळा, मान, सगळं एकाच ठिकाणाहून दुखत होतं. बायकोनं ऑफिसातून फोनवर सांगितलं, "मी नंबर लावलाय, आत्ताच्या आत्ता कोपऱ्यावर जा. नाहीतर मी येऊन नेते, आणि रस्ताभर हात धरून नेते." तिची ही धमकी खरी असते. मी निघालो. रस्ता ओलांडला, सवयीनं पुन्हा परत ओलांडला, आणि मग डोळे मिटून तिसऱ्यांदा ओलांडला.

आत बसायच्या खोलीत चांगली गर्दी होती. आणि कुणी पळत नव्हतं. लोक चक्क गप्पा मारत होते. खिडकीपाशी ती खुर्ची होती, आणि तिच्यात बाबा.

बाबांशेजारी एक पोरगेलासा माणूस गाल धरून बसला होता. बाबा त्याला सांगत होते, "हे बघ." त्यांनी कवळी काढून रुमालावर ठेवली, बोळकं पसरून हसले आणि पुन्हा बसवली. "सगळे गेले. एकेक करून गेले. तरी मी जेवतो की नाही? तुझा तर एकच चाललाय, तोही राहील बहुतेक." तो माणूस हसला. गाल धरून, पण हसला. सुखी दिसा, सुखी दिसा म्हणून मी घरात इतके दिवस जे मागत होतो ते हेच होतं.

काउंटरवरच्या बाई मला म्हणाल्या, "हे आजोबा रोज येतात. पहिल्या दिवशी म्हणाले, खुर्ची नीट ठेवलीये का बघायला आलोय, आणि बसले. आता डॉक्टर म्हणतात, आजोबा आले नाहीत तर दवाखाना उघडू नका." मग खोलीकडे वळून, "आजोबा, चहा घेणार ना? बसा, बसा, मी आणते."

बसा. घरात त्यांना हा शब्द शेवटचा कधी ऐकायला मिळाला होता ते मला आठवेना. मी दारातच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं ते दाढेमुळे, असं कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

बाबांनी मला बघितलं. माझा सुजलेला गाल बघितला. मग त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा खिशात ठेवला, आणि उठले.

"बस," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही बसा ना. मी उभा राहतो."

"अरे बस. भिणाऱ्या माणसासाठीच आहे ती. तुझी आई गेल्यापासून मीच बसत होतो की नाही?"

मी बसलो. त्या खळग्यात इतकी वर्षं बाबांखेरीज कुणाला जमलं नव्हतं, पण माझी पाठ बरोबर टेकली. टॉवेलच्या पट्टीवर माझा हात गेला. आतून तो बारीक, गुणगुणता आवाज येत होता. बाबा माझ्या शेजारी, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभे होते.

"मी परत आणतो ही," मी म्हणालो. सुजलेल्या तोंडानं ते नीट बोलताही येत नव्हतं. "डॉक्टरांना सांगतो. सुताराचं सगळं उद्या परत पाठवतो. खिडकी मोकळी करतो."

"आधी दाढ," बाबा म्हणाले. "आणि खुर्ची राहू दे इथे. संध्याकाळी घरी येत जाईन. बसायला ठेव काहीतरी. चिठ्ठी नसलेलं."

आतलं दार उघडलं. नर्सनं हातातल्या कागदाकडे बघत माझं नाव पुकारलं, आणि माझ्यापुढे येऊन अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, जरा उठता का?"

माझा हात त्या पट्टीवर घट्ट आवळला गेला. नुकता कुठे टेकलो होतो. मला त्या खुर्चीतून उठायचं नव्हतं. हे इतकं साधं वाक्य असं लागतं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते दिवसातून किती वेळा मी बाबांना ऐकवलं होतं तेही.

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नर्सकडे बघितलं.

"बसू दे गं त्याला जरा," ते म्हणाले. "आत्ताच बसलाय."